अहिराणीच्या मुलुखात

प्रवासास निघालेला मनुष्य देवळे पाहतो, किल्ले पाहतो, नद्यांचे घाट पाहतो आणि घरी आल्यावर त्यांचे वर्णन चार जणांस सांगतो. पण ज्या मुलुखातून तो हिंडून आला त्या मुलुखाची वाणी त्याच्या कानांवरून वाऱ्यासारखी निघून गेलेली असते. खानदेशाच्या बाबतीत तर हे फारच घडते. पाहुणा केळीचे बाग पाहतो, वांग्याच्या भरिताची तारीफ करितो, खापरावरचे मांडे खाऊन तृप्त होतो. परंतु ते मांडे वाढणारी माउली शेजारणीशी कोणत्या भाषेत बोलत होती, याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. त्या भाषेचे नाव अहिराणी. तिच्यासाठीच गेल्या वैशाखात चाळीसगावापासून जळगावापर्यंत मी एक लहानशी फेरी केली. त्या फेरीत जे पाहिले व ऐकिले, आणि त्यावरून जे मनात आले, ते वाचकांस सादर करीत आहे.

खानदेश म्हणजे तापीचे खोरे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्रीची टोके. मधून तापी पश्चिमवाहिनी होऊन जाते आणि वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या दक्षिणेकडून येऊन तिला मिळतात. सन १९०६ मध्ये इंग्रज सरकारने या प्रांताचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले. तेच पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. धुळ्यातून नंदुरबार हा तिसरा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. भाषेचा नकाशा मात्र सरकारी नकाशास जुमानीत नाही. अहिराणी धुळे जिल्ह्यात बोलतात. चाळीसगाव, पारोळे, अमळनेर या जळगाव जिल्ह्यातील तालुक्यांत बोलतात. आणि नाशिक जिल्ह्यातील बागलाण, मालेगाव, कळवण या बाजूसही बोलतात. जळगावच्या पूर्वेस यावल, रावेर, भुसावळ या भागात तिची जागा लेवा गणबोली घेते. सातपुड्याच्या अंगास शिरले की भिलांच्या बोली सुरू होतात.

अहिराणी या शब्दात अहीर, म्हणजे संस्कृतातील आभीर, उघड दिसतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीतील एक शिलालेख आहे. त्यात आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी ठेविलेल्या रकमेची नोंद आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त आभीरादिकांच्या वाणीस काव्यापुरते अपभ्रंश हे नाव दिले आहे. आजची अहिराणी म्हणजे दंडीच्या काळची आभीरी होय, असे कोणी म्हणू नये. हजार-बाराशे वर्षांत गंगेतून पुष्कळ पाणी वाहून गेले. एवढे मात्र खरे की, आभीरांची वाणी म्हणून काही निराळी वस्तू आहे हे आपल्या शास्त्रकारांच्या कानांस फार पूर्वीच जाणवले होते. त्यांनी तिचे नाव लिहून ठेविले. ती वाणी स्वतः काय बोलत होती, हे त्या मानाने फारच थोडे टिपिले. या वाणीची पुढची सारी हकीकत याच धर्तीची आहे.

चाळीसगावाहून दक्षिणेस डोंगराच्या कुशीत पाटण हे स्थान आहे. तेथील देवीवरून त्यास पाटणादेवी म्हणतात. सभोवती गौताळ्याचे अरण्य आहे. वैशाखात झाडे उघडीबोडकी असतात, तरी देवळापाशी सावली मिळते. येथील देवळात डॉ. भाऊ दाजी यांस एक शिलालेख सापडला आणि १८६५ साली त्यांनी तो विद्वानांपुढे मांडिला. लेख शके ११२८ चा. ‘सिद्धान्तशिरोमणी’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेव व हेमाडिदेव या बंधूंनी त्यास दाने दिली, असा त्याचा आशय आहे. आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यास यातील वंशवर्णनाचे श्लोक मोहवितात यात नवल नाही. परंतु लेखाच्या शेवटी संस्कृत एकाएकी थांबते आणि जुनी देशी भाषा सुरू होते. पाटणात जो माल विकला जाईल त्यावरील सरकारी हक्काचा अंश मठास द्यावा, तेल्याने घाण्यामागे पळीपळी तेल द्यावे, अशा व्यवहाराच्या गोष्टी त्या भाषेत आहेत.

याचे कारण उघड आहे. राजाची स्तुती विद्वानांनी वाचावयाची, म्हणून ती संस्कृतात. तेल मात्र तेल्याने द्यावयाचे, म्हणून ते त्याला समजेल अशा भाषेत. आठशे वर्षांपूर्वीची लोकवाणी दगडावर उमटली ती कराच्या निमित्ताने! तेली, वाणी आणि गिऱ्हाईक यांनी एकमेकांशी घासाघीस करिताना कोणते शब्द वापरिले, ते त्या दगडास कोणी सांगितले नाही. कोणतीही नोंद विचारलेल्या प्रश्नापुरतीच उत्तर देते. ही गोष्ट मी पाटणाहून मनात घेऊन निघालो.

चाळीसगावाहून धुळ्यास जाणाऱ्या फाट्याच्या गाडीत अहिराणी पोटभर ऐकावयास मिळते. डब्यातील गलक्यात प्रथम काहीच उमगत नाही. मग हळूहळू कान सरावतो. ‘आहे’ या अर्थी ‘शे’ हा शब्द घडोघडी येतो. ‘तुन्हं नाव काय शे?’ असे कोणी विचारितो; ‘माले पानी दे’ असे एखादे मूल आईस म्हणते; ‘मन्हा भाऊ उना’ म्हणजे ‘माझा भाऊ आला’. ‘काय चाली राह्यनं?’ हा तर तेथील रामराम समजावा. मराठीत जेथे ‘चा-ची-चे’ येते तेथे अहिराणीत ‘ना-नी-नं’ येते आणि ‘ला’च्या जागी ‘ले’. ‘ना-नी’ ऐकून गुजराथीचे स्मरण होते. ‘शे’ ऐकून तिकडच्या ‘छे’चे. ‘ळ’ या अक्षराशी मात्र या वाणीचे वैर आहे. डोळा तेथे ‘डोया’ होतो, काळा ‘काया’ होतो आणि शाळाही ‘शाया’ होते. मुलास ‘आंडोर’ व मुलीस ‘आंडेर’ म्हणतात. मराठी व गुजराथी या दोन्ही अंगणांत जिचे येणेजाणे आहे, पण जिची चूल स्वतंत्र आहे, अशी ही गृहिणी आहे.

ती मराठीची बोली की निराळी भाषा, हा वाद जुना आहे. ‘भारतीय भाषांची पाहणी’ हे प्रचंड कार्य ज्यांच्या देखरेखीखाली झाले त्या ग्रियर्सन साहेबांच्या ग्रंथमालेतील नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो हे या कामी त्यांचे सहकारी होते. पूर्वी मराठीत मोजली जाणारी खानदेशी त्या भागात मराठीतून काढून भिल्ली भाषांच्या शेजारी बसविली आहे. आपल्याकडील पुष्कळ अभ्यासक तिला मराठीचीच बोली मानितात. या वादाचा निकाल लावण्याचा अधिकार माझा नाही आणि त्याची घाईही नाही. थोरली बहीण की मावसबहीण हे ठरेपर्यंत घरी आलेल्या बाईस दाराबाहेर उभे करून ठेवीत नाहीत.

ग्रियर्सन साहेबांच्या पाहणीची पद्धत मात्र समजून घेण्यासारखी आहे. जिल्ह्याजिल्ह्यातील अधिकाऱ्यांमार्फत प्रत्येक भाषेचे नमुने मागविले जात. पहिला नमुना सर्वत्र एकच: बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट, त्या त्या भाषेत उतरविलेली. दुसरा नमुना त्या लोकांतील एखादी गोष्ट, गाणे वा जबानी. आणि तिसरा, ठरीव शब्दांची व वाक्यांची यादी. एकच गोष्ट शेकडो भाषांत मिळाल्यामुळे प्रत्ययांची तुलना सोपी झाली, आणि अहिराणीचे व्याकरण प्रथम नीट छापले गेले ते यामुळेच. हे ऋण मोठे आहे. पण उधळ्या पुत्राच्या गोष्टीत खापर येत नाही, कळण्याची भाकरी येत नाही, दादर ज्वारी येत नाही, सालदार येत नाही आणि पांझरेचा फडही येत नाही.

हा फड म्हणजे काय ते धुळ्याच्या आसपास पाहावयास मिळते. पांझरा नदीवर जागोजाग जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतास पाणी देणारे सारंग. आणि जास्त झालेले पाणी परत नदीस पोचविणारा तो सांडम. कालव्याखालच्या जमिनीचे मोठमोठे तुकडे पाडितात. त्या एकेका तुकड्यास फड म्हणावयाचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, म्हणजे पाण्याची नासाडी होत नाही आणि भांडणही होत नाही. पाणी फिरविणारा पाटकरी, त्याच्यावर देखरेख करणारा हवालदार, राखण करणारा जागल्या. तीनचारशे वर्षांची ही व्यवस्था गावकऱ्यांनी स्वतः उभारिली व स्वतः चालविली. विहिरी, विजेचे पंप व मोठी धरणे आल्यापासून अनेक ठिकाणी ती मोडकळीस आली. एक सारंग बुजला म्हणजे पाण्याची एक वाट बुजते हे खरेच. पण पुढच्या पिढीच्या तोंडून तो शब्दही जातो, आणि त्या शब्दात साठविलेली पाणी वाटून घेण्याची अक्कल त्याच्याबरोबर जाते.

धुळे शहर हे कागदपत्रांच्या भक्तांचे क्षेत्र आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथेच देह ठेविला. त्यांचे दप्तर ज्या संस्थेने जतन केले तिच्या वास्तूत उभे राहिले म्हणजे मस्तक आपोआप नम्र होते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव हिंडून मिळविलेली समर्थ-संप्रदायाची हस्तलिखितेही याच नगरात, वाग्देवता मंदिरात आहेत. वाळवीच्या तोंडून एकेक पान सोडविणारी ही माणसे! त्यांचे कार्य पाहताना माझ्या मनात आले की, पोथी निदान वाळवी लागेपर्यंत तरी वाट पाहते. बोललेला शब्द तेवढीही वाट पाहत नाही. ज्या वृद्धेस अखजीची शंभर गाणी पाठ आहेत तिच्या निधनाबरोबर शंभर पृष्ठांची पोथी जळते, आणि तिचे नाव कोणत्याही सूचीत नसते.

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात हा सण दिवाळीच्या तोडीचा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांस झोके बांधितात, पितरांच्या नावाने घागर भरितात, तीवर डांगर ठेवितात. सालदारांचे जुने साल संपून नवे सुरू होते तेही याच दिवशी. मी अमळनेरच्या बाजूस एका परिचिताच्या गावी त्या दिवशी होतो. घरातील आजी माझ्याशी बोलत होत्या त्या शुद्ध, थोड्या भीतभीत मराठीत. ‘गुरुजी आले आहेत’ याचे ते दडपण होते. इतक्यात शेजारीण ओट्यावर आली आणि आजींची वाणी एकदम मोकळी झाली. बांध फोडून पाणी यावे तशी. मी वही काढून दोन शब्द टिपू लागलो, तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या, “आमनी बोली काय लिखी राह्यनात, गुरुजी?” जवळच त्यांचा नातू उभा होता. त्याने झोक्यावरून आईला काही तरी अहिराणीत ओरडून सांगितले, आई तत्काळ म्हणाली, “पाहुण्यांसमोर नीट बोल.” आजीचा संकोच आणि सुनेची ताकीद या दोहोंच्या मध्ये एका भाषेचे भवितव्य उभे होते. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मुलगा शाळेत मागे पडू नये, कोणी त्यास गावंढळ म्हणू नये, एवढीच त्या माउलीची इच्छा.

या संकोचाचे प्रतिबिंब सरकारी आकड्यांत स्वच्छ पडलेले आहे. ग्रियर्सन साहेबांच्या पाहणीत खानदेशी बोलणारे सुमारे साडेबारा लक्ष धरिले होते. १९९१ च्या जनगणनेत खानदेशी या सदराखाली ९,७३,७०९ माणसे आली. २००१ मध्ये तोच आकडा २०,७५,२५८ झाला. आणि २०११ मध्ये १८,६०,२३६ वर उतरला. दहा वर्षांत एखाद्या भाषेची माणसे दुप्पट होत नाहीत, आणि पुढच्या दहा वर्षांत प्रांताची वस्ती वाढत असता दोन लक्ष माणसे नाहीशीही होत नाहीत. गणनेचा कर्मचारी दारात येऊन मातृभाषा विचारितो. घरातील कर्ता पुरुष क्षणभर थांबतो, आणि ‘मराठी’ म्हणावे की ‘अहिराणी’, हे त्या क्षणी ठरवितो. दोन्ही उत्तरांत त्याच्या दृष्टीने खोटे काहीच नसते. हे आकडे किती जण अहिराणी बोलतात एवढेच सांगत नाहीत. किती जणांस ते सांगावेसे वाटले, हेही सांगतात.

विद्वानांनी हात जोडून बसणे पत्करिले, असे मात्र नाही. डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी शब्दकोश १९९७ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी खानदेशातील कृषिजीवनाचा सचित्र कोशही केला. तिफणीचा प्रत्येक भाग, गाडीचा प्रत्येक अवयव, त्याचे नाव आणि त्याचे चित्र, हे ज्यांनी पाहिले त्यांस कोशकाराच्या तपश्चर्येची कल्पना येईल. डॉ. सुधीर देवरे यांनी ‘ढोल’ हे नियतकालिक अहिराणीतून काढिले. डॉ. गणेश देवी यांच्या प्रेरणेने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात महाराष्ट्राच्या खंडात अहिराणीस स्थान मिळाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने मराठीच्या बोलींची प्रतिमांकित पाहणी हाती घेऊन गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. उधळ्या पुत्राच्या गोष्टीपासून येथवरची मजल लहान नाही.

तथापि या प्रांतातील लोकवाणीची सर्वांत थोर नोंद कोणी केली, असे मला कोणी विचारील तर मी पंडिताचे नाव घेणार नाही. धुळ्याहून मी जळगावास आलो तो त्याच घराच्या दर्शनासाठी. जळगावाजवळील असोदे या गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी जळगावच्या चौधरी कुटुंबात सून म्हणून आल्या. त्यांस अक्षरओळख नव्हती. जात्यावर, चुलीपाशी, शेतात काम करिताना त्या ओव्या रचीत आणि गात. त्यांची बोली अहिराणीची शेजारीण, म्हणजे लेवा गणबोली. त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते. त्यांनी व घरातील मावसभावाने आईचे शब्द ऐकता ऐकता कागदावर उतरवून घेतले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर ते कागद आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडले आणि १९५२ साली गाणी प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे.

या हकीकतीतील एक गोष्ट आपण सहसा विसरतो. सोपानदेव शिकलेले होते, नागर मराठीत कविता करीत होते. आईचे ‘डोया’ खोडून ‘डोळा’ करणे त्यांस अवघड नव्हते. त्यांनी तसे केले असते तर आपल्या हाती सुबोध, स्वच्छ आणि निर्जीव ओव्या आल्या असत्या. आईच्या मुखातून जसा शब्द आला तसा लिहिण्याची नम्रता त्यांच्यापाशी होती, म्हणून महाराष्ट्रास एक कवयित्री मिळाली. पाटणच्या दगडाने कराचा प्रश्न विचारिला, ग्रियर्सन साहेबांनी प्रत्ययाचा, जनगणनेने संख्येचा. मुलाने आईस काहीच विचारिले नाही. तो फक्त शेजारी बसून ऐकत राहिला, आणि म्हणून सर्वांत पुष्कळ त्यालाच मिळाले.

आता या मासिकाच्या वाचकांपुढे माझे मागणे ठेवितो. आपणांपैकी अनेक घराणी खानदेशातील आहेत. काही तेथेच आहेत, काही पुण्यामुंबईस आली आहेत. आपल्या घरांची भाषा मराठी खरी. परंतु वाड्यातील सालदाराशी, भाजीवालीशी, दूध घालणाऱ्याशी आपल्या आज्या-पणज्या अहिराणीतच बोलत. आपल्यातील वडीलधाऱ्यांस ती आजही समजते. घरात लेखणी आहे, वेळ आहे आणि आता तर खिशातील यंत्रात आवाज साठविण्याची सोयही आहे. एक वही करावी. जो शब्द ऐकाल तो जसा ऐकिला तसाच लिहावा. तो कोणी, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी उच्चारिला हे बाजूस टिपावे. शब्द एकटा न लिहिता तो ज्या वाक्यात आला ते वाक्य पुरे लिहावे. अखजीची, श्रावणातील कानबाईची, भाद्रपद-आश्विनातील गुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या स्त्रियांस त्यांच्या सवडीने, त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या परवानगीने ऐकावे. अर्थ विचारताना परीक्षा घेतल्यासारखे विचारू नये. आणि मूल ‘शाया’ म्हणाले तर त्यास ‘शाळा’ हा शब्दही शिकवावा, पण पहिला शब्द त्याच्या तोंडातून काढून घेऊ नये. दोन शब्द ज्यास येतात तो एक शब्द येणाऱ्यापेक्षा गरीब कसा?

ज्यांची मातृभाषा अहिराणी आहे त्या कुटुंबांस सांगण्याचा मला अधिकार नाही, पण विनंती करण्याचा आहे. २०११ नंतरची जनगणना २०२७ सालची ठरविण्यात आली. कर्मचाऱ्यापुढे क्षणभर थांबावे लागेल तेव्हा ज्या भाषेत आपण आईस पाणी मागितले तिचे नाव घेण्यास लाजू नये. त्याने मराठीचे काही कमी होत नाही. गिरणा, बोरी, पांझरा आपापली नावे घेऊनच तापीस मिळतात. तापी त्यांच्यामुळेच मोठी होते.